मुरलेल्या सिनेटरला त्याच्याच गडात आव्हान : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

राज्य पक्कं रिपब्लिकन वळणाचं, सिनेटर वर्षानुवर्षं खुर्चीत, आणि समोर एखादा नवखा उमेदवार. अमेरिकेत दर दोन वर्षांनी अशा लढती होतात आणि दर वेळी आपल्या मराठी मंडळींच्या गप्पांत तेच प्रश्न येतात. मी टेक्सासात राहते, इथल्या प्रचारात दारोदार हिंडले आहे, त्यामुळे उत्तरांत टेक्सास जरा जास्त येईल. माझं मत आधीच सांगून टाकते: ज्या जागेवर खरी लढत होत नाही, तिथल्या मतदाराला कुणी विचारत नाही. मग तो मतदार कोणत्याही पक्षाचा असो. म्हणून या लढती व्हायला हव्यात आणि नीट लढल्या जायला हव्यात.

सिनेटर म्हणजे आपल्याकडचा राज्यसभेचा खासदार का?

साधारण तसा, पण ताकद कितीतरी जास्त. प्रत्येक राज्याला दोन सिनेटर, राज्य केवढंही असो. एकूण १००. मुदत सहा वर्षं, आणि दर दोन वर्षांनी सुमारे एक तृतीयांश जागांची निवडणूक. पूर्वी सिनेटर निवडायचं काम राज्यांच्या विधिमंडळांकडे होतं, अगदी आपल्या राज्यसभेसारखं. १९१३ साली सतरावी घटनादुरुस्ती झाली आणि तेव्हापासून लोक थेट मत देतात.

त्यामुळे सिनेटचा मतदारसंघ म्हणजे अख्खं राज्य. टेक्सासात २५४ काउंट्या (आपल्या जिल्ह्यांसारखे विभाग) आहेत. लोकसभेच्या उमेदवारासारखं चार-सहा तालुके पिंजून काढले की झालं, असं इथे होत नाही.

विद्यमान सिनेटरला हरवणं खरंच इतकं अवघड आहे का?

हो. २०२२ मध्ये नोव्हेंबरच्या निवडणुकीत उभा राहिलेला प्रत्येक विद्यमान सिनेटर निवडून आला. २०२४ मध्ये तिघे पडले: मोंटानाचे जॉन टेस्टर, ओहायोचे शेरॉड ब्राऊन आणि पेनसिल्व्हेनियाचे बॉब केसी. तिघेही डेमोक्रॅट, आणि तिघांच्याही राज्यांत त्या वर्षी ट्रम्प जिंकले होते.

इथेच खरी गोम आहे. पूर्वी मतदार राष्ट्राध्यक्षपदासाठी एका पक्षाला आणि सिनेटसाठी दुसऱ्या पक्षाला मत देत असत. ती सवय मोडत चालली आहे. २०१६ साली सिनेटच्या प्रत्येक लढतीत तोच पक्ष जिंकला, ज्याचा राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार त्या राज्यात जिंकला होता. २०२० मध्ये अपवाद फक्त एक, मेनच्या सुझन कॉलिन्स. ट्रम्प यांनी तिन्ही वेळा जिंकलेली राज्यं २५ आहेत. २०२४ च्या निकालानंतर त्यांतल्या सर्वच्या सर्व ५० जागा रिपब्लिकन पक्षाकडे गेल्या.

म्हणजे आव्हान देणारा उमेदवार समोरच्या माणसाशी लढतोच, शिवाय मतपत्रिकेवर आपल्या नावापुढे छापलेल्या पक्षाच्या नावाशीही त्याला लढावं लागतं. हे दुसरं भांडण जास्त कठीण आहे.

मग अशा राज्यात कुणी कधी जिंकलंच नाही का?

जिंकलेत. गंमत म्हणजे ज्यांना आपण ‘हलवता न येणारे’ म्हणतो त्या मिच मकॉनेल यांची सुरुवातच तशी झाली. १९८४ मध्ये ते केंटकीतल्या जेफरसन काउंटीचे प्रमुख होते आणि समोर दोन वेळा निवडून आलेले डेमोक्रॅट सिनेटर डी हडलस्टन. मकॉनेल यांनी टीव्हीवर एक जाहिरात आणली: शिकारी कुत्री घेऊन एक माणूस सिनेटरसाहेबांना शोधत रानोमाळ हिंडतोय, कारण साहेब मतदानाला गैरहजर राहून पैसे घेऊन भाषणं देत फिरतात. लोकांच्या ते डोक्यात बसलं. मकॉनेल पाचेक हजार मतांनी निवडून आले. त्याच वर्षी रेगन यांची मोठी लाट होती, हेही विसरू नये.

२००६ मध्ये मोंटानात शेतकरी जॉन टेस्टर यांनी तीन वेळा निवडून आलेल्या कॉनराड बर्न्स यांना साडेतीन हजारांच्या आसपास मतांनी पाडलं. बर्न्स यांचं नाव लॉबिस्ट जॅक अब्रामॉफ यांच्या भ्रष्टाचार प्रकरणात घेतलं जात होतं. २००८ मध्ये अलास्कात १९६८ पासून सिनेटर असलेले टेड स्टीव्हन्स चार हजारांहून कमी मतांनी हरले. मतदानाच्या आठवडाभर आधी न्यायालयाने त्यांना दोषी ठरवलं होतं. सरकारी वकिलांनी पुरावे दडपल्याचं उघड झाल्यावर २००९ मध्ये तो खटला रद्द झाला, पण जागा गेली ती गेलीच.

आणि व्हर्जिनिया, २००६. तेव्हा ते राज्य रिपब्लिकन वळणाचं होतं. दोनच वर्षांपूर्वी बुश तिथे आठ टक्क्यांनी जिंकले होते. सिनेटर जॉर्ज ॲलन पुढे राष्ट्राध्यक्षपदाला उभे राहणार अशी चर्चा होती. विरोधक जिम वेब यांच्या प्रचारातला एक कॉलेजचा मुलगा कॅमेरा घेऊन ॲलन यांच्या सभा टिपत फिरत असे. मुलगा व्हर्जिनियातच वाढलेला, आईवडील भारतातून आलेले. केंटकीच्या सीमेजवळच्या ब्रेक्स गावातल्या सभेत ॲलन यांनी त्याच्याकडे बोट दाखवून त्याला ‘मकाका’ म्हटलं, माकडाच्या एका जातीचं नाव, आणि ‘अमेरिकेत स्वागत’ केलं. कॅमेरा चालूच होता. सगळ्या देशाने ते पाहिलं. ॲलन साधारण नऊ हजार मतांनी हरले.

या चारही लढतींत एक गोष्ट समान आहे. सिनेटरच्या हातून काहीतरी घडलं होतं किंवा घडल्याचा पक्का समज झाला होता, आणि त्याचा फायदा उठवायला समोर तयारीचा उमेदवार आधीपासून उभा होता. ॲलन चुकले तेव्हा वेब यांची माणसं तिथे हजर होती, कॅमेऱ्यासकट.

तिकीट कोण देतं?

कुणीच नाही. इथे हायकमांड नाही आणि एबी फॉर्मही नाही. पक्षाचा उमेदवार कोण हे सामान्य मतदार प्रायमरीत ठरवतात. पक्षाचे वॉशिंग्टनमधले नेते एखाद्याच्या पाठीशी उभे राहतात, पैसा देतात, दुसऱ्याला बसायला सांगतात, पण शेवटी मतदान होतंच. टेक्सासात प्रायमरीत कुणालाही ५० टक्क्यांहून जास्त मतं मिळाली नाहीत तर पहिल्या दोघांत रनऑफ, म्हणजे मतदानाची दुसरी फेरी, होतो. त्यात वेळ आणि पैसा दोन्ही जातात, आणि विद्यमान सिनेटर तोवर आरामात असतो.

मुरलेल्या सिनेटरला कधीकधी धोका त्याच्याच घरातून असतो. इंडियानाचे रिचर्ड लूगर १९७७ पासून सिनेटर. २०१२ मध्ये त्यांच्याच पक्षाच्या रिचर्ड मर्डॉक यांनी प्रायमरीत त्यांना वीसेक टक्क्यांनी धूळ चारली. लूगर मतदार यादीत इंडियानातल्या ज्या घराचा पत्ता देत होते ते त्यांनी कित्येक दशकांपूर्वी विकलं होतं, हा मुद्दा फार गाजला. पुढे मर्डॉक यांनी बलात्कारातून राहिलेल्या गर्भाबद्दल एका वादसभेत जे विधान केलं त्याने त्यांचा घात केला आणि जागा डेमोक्रॅट जो डॉनेली यांना मिळाली.

प्रायमरी हरल्यावर बंडखोरी करून अपक्ष उभं राहता येतं का?

आपल्याकडे तिकीट कापलं की दुसऱ्या दिवशी अपक्ष अर्ज! इथल्या बहुतेक राज्यांत कायद्यानेच ते बंद आहे. टेक्सासातही प्रायमरी हरलेल्याला त्याच निवडणुकीत अपक्ष म्हणून मतपत्रिकेवर येता येत नाही. अलास्काच्या लिसा मर्कोव्स्की २०१० मध्ये प्रायमरी हरल्या, मग मतदारांना मतपत्रिकेवर हाताने नाव लिहायला सांगून जिंकल्या. आडनावाचं स्पेलिंग लोकांच्या लक्षात राहावं म्हणून त्यांना प्रचारात वेगळा खटाटोप करावा लागला होता. असं क्वचित घडतं.

पैसा किती लागतो?

बराच. पण पैशाबद्दलचा समज आधी दुरुस्त करायला हवा, कारण हौशी देणगीदार इथेच सर्वांत जास्त फसतात.

२०२० मध्ये केंटकीत एमी मग्रॅथ यांनी मकॉनेल यांच्याविरुद्ध ९ कोटी डॉलरहून जास्त जमवले. त्या माजी मरीन वैमानिक होत्या आणि त्यांच्या जाहिराती देशभर पाहिल्या गेल्या. निकाल: जवळजवळ २० टक्क्यांनी पराभव. त्याच वर्षी साउथ कॅरोलायनात जेमी हॅरिसन यांनी सिनेटर लिंडसी ग्रॅहम यांच्याविरुद्ध जुलै ते सप्टेंबर या तीनच महिन्यांत ५.७ कोटी डॉलर उभे केले. सिनेटच्या उमेदवाराने एका तिमाहीत तेवढा पैसा त्याआधी कधीच जमवला नव्हता. एकूण आकडा १३ कोटींच्या घरात गेला. कोविडचे दिवस होते, वादसभेला हॅरिसन स्वतःचा पारदर्शक पडदा घेऊन आले होते, चाचण्यांत बरोबरी दिसत होती. हरले दहा टक्क्यांनी.

हा पैसा आला कुठून? बराचसा कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क अशा राज्यांतून, मकॉनेल आणि ग्रॅहम यांच्यावर चिडलेल्या लोकांकडून. त्यांचा राग खरा होता. पण केंटकीतल्या लुईव्हिल शहरापासून तीन तासांवरच्या कोळसा खाणीच्या गावात राहणाऱ्या मतदाराचा त्या रागाशी काही संबंध नव्हता. एखाद्याला पाडायची दुसऱ्या राज्यातल्या माणसाची तळमळ वेगळी आणि समोरच्याला निवडून आणायची इथल्या माणसाची इच्छा वेगळी. पहिलीतून देणग्या येतात. मतं दुसरीतूनच येतात.

पैसा कधी आला यालाही महत्त्व आहे. ऑक्टोबरमध्ये आलेले कोट्यवधी डॉलर फक्त टीव्हीवर उधळता येतात, आणि तोवर लोकांची मनं बनलेली असतात. आदल्या वर्षी थोडा पैसा आला तर त्यातून गावोगावी कार्यालयं उघडता येतात, पगारी संघटक नेमता येतात, मतदार नोंदणी करून घेता येते. शंभर डॉलर द्यायचेच असतील तर निवडणुकीच्या आदल्या उन्हाळ्यात द्या, असं मी सगळ्यांना सांगते.

उमेदवाराला थेट दिलेला पैसा आणि बाहेरच्या गटांना दिलेला पैसा, यात फरक काय?

थेट देणगीला मर्यादा आहे: २०२५–२६ साठी एका व्यक्तीला एका उमेदवाराला एका निवडणुकीसाठी ३,५०० डॉलर. प्रायमरी वेगळी आणि मुख्य निवडणूक वेगळी मोजतात. सुपर पॅकना, म्हणजे उमेदवारापासून स्वतंत्रपणे प्रचारावर खर्च करणाऱ्या बाहेरच्या गटांना, अशी मर्यादा नाही. २०१० मधल्या न्यायालयीन निकालांनी ते दार उघडलं.

मात्र मतदानाआधीच्या शेवटच्या ६० दिवसांत टीव्ही केंद्रांना उमेदवाराकडून सर्वांत कमी दरच घ्यावा लागतो. सुपर पॅकना ही सवलत नाही, त्यांना त्याच जागेसाठी कितीतरी जास्त मोजावे लागतात. त्यामुळे उमेदवाराच्या खात्यातला एक डॉलर बाहेरच्या गटाच्या डॉलरपेक्षा जास्त काम करतो. विद्यमान सिनेटरमागे मोठे सुपर पॅक असले तरी आव्हानवीर तग धरतो, त्यामागे हेही एक कारण आहे.

‘तुम्ही नक्की कोणाचे?’ या प्रश्नाला उमेदवाराने काय उत्तर द्यायचं?

अशा राज्यात सगळी निवडणूक या एका प्रश्नाभोवती फिरते, आणि भलेभले इथे गडबडतात.

२०१४ मध्ये केंटकीत ॲलिसन लंडरगन ग्राइम्स मकॉनेल यांच्याविरुद्ध उभ्या होत्या. त्या स्वतः राज्याच्या सेक्रेटरी ऑफ स्टेट, म्हणजे निवडून आलेल्या पदाधिकारी. ‘तुम्ही ओबामांना मत दिलं होतं का?’ असं विचारल्यावर त्यांनी उत्तर द्यायचं टाळलं. पुन्हा विचारलं, पुन्हा टाळलं. मतदान गुप्त असतं, वगैरे. ऐकणाऱ्याने काय समजायचं ते समजून घेतलं, वर बाई सरळ बोलत नाहीत हेही पक्कं झालं. १५ टक्क्यांनी हरल्या.

मग्रॅथ यांचं आणखी अवघड झालं. जुलै २०१९ मध्ये, उमेदवारी जाहीर केल्याच्या दुसऱ्याच दिवशी, त्या म्हणाल्या की आपण सिनेटमध्ये असतो तर न्यायमूर्ती कॅव्हनॉ यांच्या सर्वोच्च न्यायालयावरच्या नेमणुकीच्या बाजूने बहुधा मत दिलं असतं. त्याच संध्याकाळी सांगितलं, नाही, विरोधात दिलं असतं. डेमोक्रॅट कार्यकर्ते चिडले आणि रिपब्लिकन मतदार हसले. पुढे प्रायमरीत चार्ल्स बुकर यांनी त्यांची आघाडी जेमतेम तीन टक्क्यांवर आणून ठेवली.

मला दारोदार फिरताना जे समजलं ते असं: लोकांना मतभेद चालतात, चुळबुळ चालत नाही. आमच्या फोर्ट बेंड काउंटीत एका आजोबांनी अर्धवट दार उघडून विचारलं, “बंदुकीचं काय?” माझ्याबरोबरच्या मुलीने सरळ सांगितलं, उमेदवाराचं म्हणणं तुम्हाला पटणार नाही, ते असं असं आहे. आजोबांनी दार पूर्ण उघडलं आणि मग आरोग्य विम्यावर चांगलं बोलणं झालं. त्यांनी मत कुणाला दिलं ते मला ठाऊक नाही.

मग अपक्ष म्हणून लढलेलं बरं का?

नेब्रास्काचं उदाहरण पाहा. डॅन ऑसबर्न हे ओमाहातल्या केलॉग्सच्या कारखान्यात यंत्रं दुरुस्त करणारे मेकॅनिक, पूर्वी नौदलात होते. २०२१ च्या संपात ते तिथल्या युनियनचे नेते होते. संपाचा एक मोठा मुद्दा असा की नव्या कामगारांना जुन्यांपेक्षा कमी पगार आणि कमी सवलती. एकाच लाइनवर शेजारी शेजारी उभे राहून तेच काम करणाऱ्या दोघांचे दोन दर. चार राज्यांतले सुमारे १,४०० कामगार ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत संपावर होते.

२०२४ मध्ये ऑसबर्न सिनेटर डेब फिशर यांच्याविरुद्ध अपक्ष उभे राहिले. मतपत्रिकेवर यायला ४,००० सह्या लागत होत्या, त्या त्यांनी मिळवल्या. डेमोक्रॅटिक पक्षाने उमेदवार दिला नाही, पण ऑसबर्न यांनी त्या पक्षाचा पाठिंबाही नाकारला. सिनेटमध्ये कोणत्या गटात बसणार? कुठल्याच नाही, हे उत्तर शेवटपर्यंत बदललं नाही. सीमेच्या प्रश्नावर त्यांची भूमिका ट्रम्प यांच्याजवळची होती, गर्भपाताच्या प्रश्नात सरकारने पडू नये असं म्हणणं होतं, आणि शेतकऱ्याला स्वतःचा ट्रॅक्टर स्वतः दुरुस्त करायचा हक्क हवा हा एक मुख्य मुद्दा होता. नव्या ट्रॅक्टरमध्ये सगळं सॉफ्टवेअरवर चालतं. ऐन सुगीत मशीन बंद पडलं आणि कंपनीचा माणूस येईपर्यंत थांबावं लागलं तर पीक शेतात उभं राहतं. ज्याच्या हातात आयुष्यभर पाना होता त्याच्या तोंडी हा मुद्दा शोभला.

निकाल: फिशर सुमारे ५३, ऑसबर्न ४६ टक्क्यांहून थोडे वर. त्याच दिवशी त्याच राज्यात ट्रम्प २० टक्क्यांनी जिंकले. फिशर २०१८ मध्ये डेमोक्रॅट उमेदवाराविरुद्ध १९ टक्क्यांनी जिंकल्या होत्या; इथे फरक सातच्या आत आला. २०२५ मध्ये ऑसबर्न यांनी पुन्हा उमेदवारी जाहीर केली, २०२६ साठी, पीट रिकेट्स यांच्याविरुद्ध. रिकेट्स माजी राज्यपाल आणि अतिश्रीमंत घरातले, त्यामुळे मेकॅनिकविरुद्ध धनिक अशी मांडणी आपोआप झाली.

पण अपक्षाचा मार्ग सगळीकडे जमत नाही. २०१४ मध्ये कॅन्ससात डेमोक्रॅट उमेदवाराने माघार घेतल्यावर व्यावसायिक ग्रेग ऑरमन अपक्ष म्हणून पॅट रॉबर्ट्स यांच्यासमोर एकटे उरले. रॉबर्ट्स यांचं कॅन्ससात स्वतःचं घरसुद्धा नव्हतं, समर्थकांच्या घरी भाड्याने जागा दाखवली होती. तरी ते दहा टक्क्यांनी जिंकले. युटात २०२२ मध्ये एव्हन मॅकमलिन माइक ली यांच्याविरुद्ध तसेच दहाच्या आसपास टक्क्यांनी हरले. दोघांनाही शेवटच्या आठवड्यांत हाच मारा सहन करावा लागला की अपक्ष म्हणजे लपलेला डेमोक्रॅट. ऑसबर्न यांच्यावरही तोच आरोप झाला, पण कारखान्यातली वर्षं आणि संप त्यांच्या पाठीशी होता. तो आधार निवडणुकीच्या वर्षात तयार करता येत नाही.

जिथे हरणारच अशा ग्रामीण काउंट्यांत वेळ का घालवायचा?

कारण राज्यभरात मतं एकत्र मोजली जातात. काउंटी जिंकण्याला सिनेटच्या निवडणुकीत किंमत नाही. एखाद्या काउंटीत ८५ विरुद्ध १५ ऐवजी ७८ विरुद्ध २२ झालं तर तिथला फरक ७० टक्क्यांवरून ५६ वर येतो. अशा दीडशे काउंट्यांत झालं की शहरातली मतं पुरायला लागतात.

२०१८ मध्ये डेमोक्रॅट उमेदवार बेटो ओरूर्क टेक्सासच्या सर्व २५४ काउंट्यांत गेले. काही ठिकाणी वर्षानुवर्षं सिनेटचा कुणी उमेदवार फिरकला नव्हता, रिपब्लिकनसुद्धा नाही. स्वतः गाडी चालवत, फोनवरून थेट प्रक्षेपण करत, रात्री व्हॉटाबर्गरला थांबून बर्गर खात. राजकीय गटांचा पैसा न घेता ८ कोटी डॉलर जमवले. विद्यमान रिपब्लिकन सिनेटर टेड क्रूझ अडीच टक्क्यांच्या आसपास फरकाने वाचले. त्याआधीच्या सिनेट निवडणुकीत, २०१४ मध्ये, टेक्सासात रिपब्लिकन उमेदवार २७ टक्क्यांनी जिंकला होता. ओरूर्क यांना ४० लाखांहून जास्त मतं पडली, दोन वर्षांपूर्वी हिलरी क्लिंटन यांना इथे पडली त्याहून अधिक.

प्रामाणिकपणे सांगायचं तर फरक कमी करण्याचं बरंचसं काम शहरांनी आणि उपनगरांनी केलं. ग्रामीण पश्चिम टेक्सास फारसा हलला नाही. तरीही मी म्हणेन, तिथे गेलेच पाहिजे. एका फेरीने मत बदलत नाही, पण कुणी येतच नसेल तर बदलायची शक्यताच संपते. अडचण अशी की ओरूर्क पुढे राष्ट्राध्यक्षपदाच्या शर्यतीत उतरले, २०१९ च्या वादसभेत ‘तुमच्या एआर-१५ बंदुका काढून घेणारच’ असं बोलून बसले, आणि २०२२ मध्ये राज्यपालपदाला उभे राहिल्यावर ते वाक्य प्रत्येक जाहिरातीत वाजलं. ११ टक्क्यांनी हरले. देशभरच्या टाळ्यांची किंमत अशी राज्यात मोजावी लागते.

केंटकीत राज्यपाल डेमोक्रॅट निवडून येतो, मग सिनेटर का नाही?

अँडी बशिअर २०१९ मध्ये पाचेक हजार मतांनी आणि २०२३ मध्ये पाच टक्क्यांनी जिंकले. राज्यपालाच्या निवडणुकीत रस्ते, शाळा, शिक्षकांची पेन्शन, पूर आल्यावर कोण आलं, हे मुद्दे असतात. सिनेटच्या निवडणुकीत मतदार ‘वॉशिंग्टनमध्ये बहुमत कुणाचं’ एवढंच पाहतो. शेजारचा डेमोक्रॅट आवडत असला तरी सिनेटमध्ये त्या पक्षाचा आकडा एकने वाढू द्यायचा नसतो. शिवाय केंटकीत राज्यपालाची निवडणूक विषम वर्षी होते, राष्ट्राध्यक्षाच्या गदारोळापासून दूर.

विद्यमान सिनेटरची ताकद नेमकी कशात असते?

नाव, पैसा, समित्यांतली ज्येष्ठता हे सगळं आहेच. पण एक गोष्ट बाहेरून दिसत नाही: त्याच्या कार्यालयात येणारी लोकांची कामं. माजी सैनिकाचं निवृत्तिवेतन अडकलंय, पासपोर्ट वेळेत येत नाही, आईचा व्हिजिटर व्हिसा महिनोन्महिने ‘प्रक्रियेत’ आहे. सिनेटरच्या कार्यालयाला फोन करायचा, संमतिपत्रावर सही करायची, आणि तिथला कर्मचारी संबंधित खात्याला पत्र लिहितो. आपल्या ओळखीतल्या कितीतरी घरांनी हे केलं आहे. कार्यालय पक्ष विचारत नाही, विचारूही नये. ज्याचं काम झालं तो माणूस पुढची वीस वर्षं ते चार जणांना सांगतो. आव्हानवीराकडे याच्या तोडीचं काहीच नसतं.

जनमत चाचण्यांवर किती विश्वास ठेवायचा?

बेताचा. २०२० मध्ये मेनमध्ये सेरा गिडियन जवळपास प्रत्येक जाहीर चाचणीत कॉलिन्स यांच्या पुढे होत्या आणि आठ टक्क्यांहून जास्त फरकाने हरल्या. (गिडियन यांचे वडील भारतीय, म्हणून आपल्याकडे त्या लढतीची चर्चाही बरीच झाली.)

हरणार हे दिसत असताना उभं राहायचं कशाला?

ओरूर्क हरले त्या रात्री टेक्सासात डेमोक्रॅट पक्षाने लोकप्रतिनिधीगृहाच्या (आपल्या लोकसभेसारख्या सभागृहाच्या) दोन जागा आणि राज्याच्या विधानसभेतल्या १२ जागा रिपब्लिकन पक्षाकडून घेतल्या. वरच्या लढतीमुळे मतदानाला बाहेर पडलेले लोक खालची नावंही वाचतात. त्या दोन जागांपैकी एकीवर निवडून आलेले कॉलिन ऑलरेड २०२४ मध्ये स्वतः क्रूझ यांच्यासमोर उभे राहिले. तेही हरले, साडेआठ टक्क्यांनी.

दुसरं असं की लढत झाली की सिनेटरला राज्यात फिरावं लागतं, वादसभेला उभं राहावं लागतं, मतांचा हिशेब द्यावा लागतो. सहा वर्षांतून एकदा तेवढं तरी व्हायला हवं. त्यासाठी उमेदवार लागतो, आणि तो स्वतःची दीड-दोन वर्षं खर्ची घालतो याचा मला आदर वाटतो.

भारतात जन्मलेली व्यक्ती सिनेटर होऊ शकते का?

हो. वय किमान ३०, नागरिकत्व मिळून किमान नऊ वर्षं, आणि निवडून येताना त्या राज्यात वास्तव्य. जन्माने नागरिक असण्याची अट फक्त राष्ट्राध्यक्ष आणि उपराष्ट्राध्यक्षासाठी. २०२४ मध्ये ओहायोत शेरॉड ब्राऊन यांना हरवणारे बर्नी मोरेनो कोलंबियात जन्मलेले आहेत. बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार मिशिगनमधून लोकप्रतिनिधीगृहात गेले, पण तो डेट्रॉइटचा पक्का डेमोक्रॅट मतदारसंघ, तिथली खरी झुंज प्रायमरीतच होती. सिनेटमध्ये भारतात जन्मलेलं अजून कुणी पोहोचलेलं नाही.

माझ्याकडे ग्रीन कार्ड किंवा एच-१बी आहे. मी काय करू शकतो?

ग्रीन कार्ड असेल तर देणगी देता येते. एच-१बी, एच-४, एफ-१ वर असाल तर एक डॉलरही देता येत नाही. बिनपगारी स्वयंसेवक म्हणून फोन करणं, दारोदार जाणं, पत्रकं वाटणं हे मात्र सगळ्यांना चालतं, फक्त प्रचाराच्या पैशांचे निर्णय घेण्यात भाग घ्यायचा नाही. पुण्यातल्या काकांनी पैसे पाठवायचे आणि आपण आपल्या नावाने भरायचे, हा गुन्हा आहे, ‘छोटीशी रक्कम’ असली तरी. आणि नागरिक नसताना मतदार नोंदणीचा फॉर्म कुणी आग्रहाने पुढे केला तरी भरू नका. त्याने पुढचं नागरिकत्व कायमचं अडचणीत येऊ शकतं.

नुकतीच नागरिकत्वाची शपथ घेतली आहे. टेक्सासात नोंदणी कशी करायची?

सर्वसाधारण ऑनलाइन नोंदणी टेक्सासात नाही. फक्त ड्रायव्हिंग लायसन्सचं ऑनलाइन नूतनीकरण करताना ती सोय मिळते. बाकी कागदी फॉर्म भरायचा, शाईने सही करायची आणि काउंटीच्या मतदार नोंदणी कार्यालयात द्यायचा किंवा पोस्टाने पाठवायचा. मतदानाच्या ३० दिवस आधी. नाव नागरिकत्वाच्या प्रमाणपत्रावर आहे तसंच लिहा. मधलं नाव वडिलांचं की नवऱ्याचं हा आपल्याकडचा नेहमीचा घोळ, लायसन्सवर वेगळं असेल तर आधी तिथे बदलून घ्या. इथे मतदार पक्षाच्या नावाने नोंदले जात नाहीत, त्यामुळे मार्चमधल्या प्रायमरीत कोणत्या पक्षाची मतपत्रिका घ्यायची ते त्या दिवशी केंद्रावर ठरवता येतं. मात्र एकदा एकीकडे मत दिलं की त्याच वर्षीच्या रनऑफमध्ये दुसरीकडे जाता येत नाही. मतदानाला जाताना लायसन्स, अमेरिकन पासपोर्ट किंवा फोटो असलेलं नागरिकत्वाचं प्रमाणपत्र यांपैकी एक जवळ ठेवा.